खदानीतली शेवटची खोली

दहाव्याच्या दिवशी कावळा शिवेना.

कल्याणच्या खाडीकाठी, घाटाच्या खालच्या पायरीवर पिंड मांडून सगळे मागे सरून उभे होते. पिंडाशेजारी केळीच्या पानावर दहीभात, वडे, आणि बाबांना लागायचा तसा कडक चहा स्टीलच्या पेल्यात. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या पिंपळावर बसून ते माना वाकड्या करून सगळं बघत होते. खाली मात्र एकही उतरत नव्हता.

"आनंदा, वहिनींची काळजी करू नकोस, आम्ही आहोत," हेमंतकाकांनी पिंडाकडे बघत हात जोडून सांगितलं. जरा वाट पाहून ते पुढे म्हणाले, "क्षिप्राचंही बघू सगळं."

"माझं काय बघणार आहेस, काका?" क्षिप्राने हळूच विचारलं.

"गप गं. बोलायचं असतं."

मागून कोणीतरी पुटपुटलं, "अरे, सीकेपी माणूस तो. नुसत्या वड्यावर कसा येईल? बोंबील ठेवा." दोघंतिघं हसले आणि लगेच खोकले. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. पलीकडे दुसरं घर आपला नंबर लागायची वाट बघत ताटकळलं होतं.

"काही राहिलंय का मनात?" गुरुजींनी विचारलं. "आठवा. एखादं काम, एखादी इच्छा. ऊन वाढतंय."

क्षिप्रा एकुलती एक, म्हणून अग्नी तिने दिला होता आणि आज पिंडही तिनेच ठेवले होते. तिचा यातल्या कशावर विश्वास नव्हता. कावळा गर्दीला बिचकतो, घाटावर सकाळपासून दहा घरचे भात खाऊन त्याचं पोट भरलेलं असतं, हे तिला ठाऊक होतं. पण छत्रीखाली घडीच्या खुर्चीवर बसलेली आई त्या भाताकडे अशी बघत होती, की तो भात उचलला गेला नाही तर ती तिथून उठणारच नाही. बाबा गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून पाण्याचा टिपूस आला नव्हता.

क्षिप्रा दोन पायऱ्या उतरली. काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं.

"बाबा, ती शेवटची खोली रिकामीच राहील. मी कोणाला तिथे काही ठेवू देणार नाही."

पिंपळावरून एक कावळा सुटला, पायरीवर टेकला, दोन उड्या मारत पुढे आला आणि पिंडातला घास घेऊन गेला.

"आले गं, आले," आई म्हणाली, आणि रडायला लागली. ती अशी रडली की काकूंना तिला धरून बसावं लागलं. त्या रात्री मात्र तिला शांत झोप लागली. कावळा भुकेला असेल, हे वाक्य क्षिप्राने गाडीत मनाशी म्हटलं होतं. आईसमोर ते तिने कधीच काढलं नाही.

शीळफाट्याच्या अलीकडे, डोंगर फोडून झाल्यावर टाकून दिलेली एक जुनी दगडाची खदान आहे. जिल्ह्यातल्या शहीद जवानांचं स्मारक आणि संग्रहालय करायला समितीला तीच जागा मिळाली, कारण दुसरी कोणी देईना. माजी सैनिकांच्या त्या समितीचे अध्यक्ष कॅप्टन सखाराम सुर्वे जागा पाहून खट्टू झाले होते. आर्किटेक्ट आनंद टिपणीस मात्र खदानीच्या काठावर उभे राहून बराच वेळ खाली बघत राहिले, आणि म्हणाले, "इथे वर काही बांधायचं नाही. लोकांना खाली न्यायचं."

बाबांनी तसंच केलं. रस्त्यावरून फक्त कमरेएवढी काळ्या दगडाची भिंत दिसते. तिला वळसा घातला की उतार सुरू होतो. एका बाजूला खदानीचा कातळ जसा होता तसा ठेवलेला, सुरुंगांसाठी पाडलेल्या उभ्या चरांसकट. दुसऱ्या बाजूच्या भिंतीत नावं कोरलेली. उतार संपतो तिथे संग्रहालयाचं लांबट दालन. त्यात युद्धांचे नकाशे नाहीत, तोफा नाहीत. बाबांनी घराघरांत जाऊन जवानांच्या वस्तू मागून आणल्या होत्या: बूट, मफलर, दाढीचं सामान, एक अर्धवट विणलेला स्वेटर. दालन पुढे जाईल तसं छत खाली येतं, भिंती जवळ येतात, उजेड कमी होतो. शेवटी ठेंगणं दार. वाकूनच आत जावं लागतं.

आत काहीही नाही. चार कातळी भिंती, त्याच दगडाची फरशी. वरून कुठूनतरी उजेड येतो, पण तो कुठून येतो ते दिसत नाही. बसायला बाकसुद्धा नाही. "बाक दिला की लोक बसतात, बसले की मोबाइल काढतात," बाबा म्हणायचे. ज्यांचं शरीरही घरी आलं नाही अशा जवानांची ती खोली. जिल्ह्यात अशी चार घरं होती. "पुतळा उभा केला की माणसं पुतळ्याकडे बघतात. नाही त्याच्याकडे बघायचं तर समोर काही नसलं पाहिजे." काम संपत आलं असताना, उतारावरच, छातीत कळ येऊन ते खाली बसले. पुन्हा उठले नाहीत.

क्षिप्रा त्यांच्याच ऑफिसात आर्किटेक्ट होती. आता ऑफिस तिचं होतं, आणि सोबतीला वीस वर्षं बाबांबरोबर काम केलेला सलिल होता.

"सुर्वेसाहेबांना शेवटच्या खोलीत पुतळा पाहिजे," सलिलने मान खाली घालून सांगितलं. "फायबरचा. पाठीमागे आवाज, लाइट. लोक बाहेर पडताना वॉव म्हणून पडले पाहिजेत म्हणे."

"लोक तिथून वॉव म्हणून बाहेर पडले तर मी आर्किटेक्चर सोडेन."

"अगं, मला काय सांगतेस? त्यांना सांग."

तिने सांगितलं. कॅप्टन सुर्वे साइटवर आले ते पुतळ्याचा फोटो मोबाइलवर घेऊनच. क्षिप्राने तो मोठा करून पाहिला.

"साहेब, याने बंदूक डाव्या खांद्याला लावलीय आणि घोड्यावरचं बोट उजव्या हाताचं आहे."

सुर्वेंनी चष्मा लावला, पुन्हा पाहिलं आणि एक शिवी अर्ध्यावर गिळली. "हा पुतळेवाला गणपती करतो मूळचा. बरं, पुतळा नको. पण मॅडम, रस्त्यावरून बघणाऱ्याला हे पार्किंग वाटतं, आणि आत आलेल्याला शेवटी भोपळा मिळतो. टिपणीससाहेब मोठे माणूस होते, त्यांच्यासमोर माझी जीभ चालली नाही. तुमच्यासमोर चालते म्हणून बोलतोय."

"ती खोली बदलायची नाही."

"का?"

घाटावरचं कसं सांगणार? "ती चार घरांसाठी आहे," ती म्हणाली. "बाबांनी त्यांचा विचार करून केलीय."

"मग त्यांनाच विचारू की," सुर्वे म्हणाले. "घरची माणसं हो म्हणाली, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही म्हणाली, तर तुम्ही उघडायचं नाही. बोला."

क्षिप्राने लगेच हो म्हटलं. आपण हरू असं तिला वाटलंच नाही.

चार घरांपैकी एका घरची माणसं कुठे राहायला गेली ते कळलं नाही. दोघांनी फोनवरच, "तुम्ही कराल ते चांगलंच असेल," म्हणून सांगितलं. राहिल्या मानपाड्याच्या गोदूबाई. त्यांचा संदेश चार वर्षांपूर्वी उत्तरेकडे गस्तीवर असताना बर्फाच्या कड्याखाली गेला. खूप खणूनही सापडला नाही. त्यांनी कळवलं, "मी येऊन बघते."

रविवारी दुपारी त्या मुलीबरोबर रिक्षाने आल्या. खेडकडच्या, उंच, हाडापेराने मोठ्या. संदेशची धाकटी बहीण समीक्षा बँकेत होती. उतरल्या उतरल्या ती म्हणाली, "मॅडम, आम्ही दोनदा पुढे गेलो ना! रिक्षावाला बोलतो इथे काही नाहीये. मी बोलले, अरे बाबा, असंच आहे ते."

गोदूबाईंनी काठावरच चपला काढल्या.

"चपला असू द्या, मावशी. खाली खडी आहे."

"देवळात कोणी चपला घालून जातं?" असं म्हणून त्या अनवाणी उतार उतरू लागल्या.

भिंतीवरची नावं आली. समीक्षाने आईचा हात धरून संदेशच्या अक्षरांवर ठेवला. गोदूबाईंनी ती अक्षरं चाचपली आणि हात काढून घेतला. "चांगलं कोरलंय. पण नाव काय गं, रेशनकार्डावर पण आहे अजून. काढलं नाय मी."

"आई, ते हळू बोल," समीक्षा म्हणाली.

दालनात त्या प्रत्येक काचेपाशी थांबल्या. दुसऱ्यांच्या मुलांचे बूट, दुसऱ्यांचे मफलर त्यांनी मन लावून पाहिले. "याचा पाय केवढा होता बघ," एका ठिकाणी त्या म्हणाल्या. पुढे संदेशची ट्रंक होती. काळी, पत्र्याची, झाकणावर पांढऱ्या रंगाने नाव आणि नंबर. ती ट्रंक बाबांनी स्वतः मानपाड्याला जाऊन आणली होती. गोदूबाई काचेसमोर गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या आणि कडीकडे बघत राहिल्या.

"तेल कोणी लावलं कडीला?"

"आम्हीच," क्षिप्रा म्हणाली. "गंज वाढू नये म्हणून."

"बरं केलंत. कुरकुरायची फार. तो पहाटे उघडायचा तर सगळं घर उठायचं."

छत खाली येत गेलं. क्षिप्रा पुढे झाली, दारापाशी थांबली आणि बाजूला सरली. या खोलीत आधी एकट्यानेच जावं अशी बाबांची इच्छा होती. गोदूबाई वाकून आत गेल्या. वर शीळ रस्त्यावरचे ट्रक जात होते. त्यांचा आवाज इथे फक्त पायांना जाणवायचा.

लवकरच त्या बाहेर आल्या.

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही, मावशी. हीच शेवटची."

"म्हणजे संदेश कुठाय?"

क्षिप्राने बाबांचे शब्द वापरले. पुतळा, फोटो असं काही समोर ठेवलं की माणूस तेच बघतो. जो परत आलाच नाही त्याची रिकामी जागा बघता यावी म्हणून ही खोली. ती चांगलं बोलली. बाबा गेल्यावर इतकं सलग ती पहिल्यांदाच बोलत होती. सलिल खाली बघत उभा होता.

"हे तुझ्या बाबांनी मला सांगितलेलं," गोदूबाई म्हणाल्या. "ट्रंक न्यायला आलेले तेव्हा. बोलले, मावशी, रिकामी जागाच बोलते. मी म्हटलं, बोलत असेल साहेब तुमच्याशी. माझ्याशी नाय बोलत. माझ्या घरात आहे की ती. रोज झाडते मी. ती बघायला रिक्षा करून शीळफाट्याला कशाला येऊ?"

बाबांनी हे घरी कधी सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला काय पाहिजे?" क्षिप्राने विचारलं.

"फोटो लाव त्याचा. पोरांचे चौघांचे लाव. मोठे. आणि एक दिवा. बाकी तुझं दगडाचं काम राहू दे तसंच, छान आहे, गार वाटतं. चार भिंती आहेत, चार फोटो होतील."

"मॅडम, फोटो आहे आमच्याकडे युनिफॉर्ममधला, एकदम क्लियर आहे," समीक्षा घाईने म्हणाली. "मी मोबाइलवर पाठवते."

चार फोटो आणि एक दिवा. मागणी किती लहान आहे हे क्षिप्राला कळत होतं. फोटो लागले की हार येतील, हार आले की उदबत्ती, काजळी, नारळाचं पाणी, आणि मग उद्घाटकांच्या नावाची पाटी. वर्षभरात ती खोली इतर कुठल्याही खोलीसारखी होईल. बाबांचं काहीच उरणार नाही, असं तिला वाटलं. फायबरच्या पुतळ्याशी भांडताना ती तावातावाने बोलली होती. आता तिच्या हाती काही मुद्दाच राहिला नव्हता. मग तिच्या तोंडून ते निघून गेलं.

"मला नाही करता येणार, मावशी. दहाव्याला बाबांना कावळा शिवत नव्हता. कितीतरी वेळ. मी म्हटलं, ही खोली रिकामी ठेवीन, तेव्हा शिवला."

सलिलने चमकून वर पाहिलं. त्याला हे माहीत नव्हतं.

गोदूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पदर सावरला.

"असं बोललीस तू? त्यांच्यासमोर?"

"हो."

"आणि लगेच आला?"

"लगेच."

"मग नको गं बाई," गोदूबाई म्हणाल्या. "मग राहू दे. मला काय ठाऊक? शब्द दिल्यावर कसा मोडायचा? ते तिकडे अडकून बसतील माझ्या फोटोपायी."

"आई!" समीक्षा म्हणाली.

"तू गप. तुला काय कळतंय?" मग त्या क्षिप्राकडे वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "माझ्याला शिवला नाय. ठाऊक आहे तुला? शरीर नव्हतंच. दर्भाचा पुतळा करून सगळं केलं. घाटावर दुपार झाली. त्याचा बाप सगळं बोलला. तुझी बाईक विकणार नाय बोलला, समीक्षाला शिकवीन बोलला, मी दारू सोडतो बोलला. सोडली पण त्याने. माझा भाऊ बोलला, अरे तुझ्या मित्रांना पार्टी देतो. मी काय काय बोलले ते माझं मला ठाऊक. नाय आला. शेवटी भटजींनी गवताचा कावळा केला आणि टेकवला. गवताचा! म्हणून मला वाटत राहतं, त्याला काय पाहिजे होतं ते आम्हाला सुचलंच नाय."

समीक्षाने तोंड फिरवलं होतं.

"मावशी," क्षिप्रा म्हणाली, "तसं नसतं ते. तुम्ही असं मनाला लावून घेऊ नका. मी काही मानत नाही हे."

"तू मानत नसशील. शिकलेली आहेस. पण ते आले ना? तू बोललीस आणि ते आले ना?"

आता एकच वाक्य पुरेसं होतं. नाही, मावशी, बाबा नव्हते ते, भुकेला पक्षी होता. एवढं म्हटलं की तो शब्द शब्द राहणार नव्हता. भिंतीवर चार फोटो लागले असते, आणि घाटावर संदेशला आपल्याकडून काही कमी पडलं नाही हेही या बाईला त्याच वाक्यात मिळालं असतं. क्षिप्राने तोंड उघडलं. घाटाची पायरी, पेल्यातला निवलेला चहा, आणि आईचं ते रडणं तिच्या समोर आलं. बाबा आले नव्हते असं म्हटलं, तर ते कधीच येणार नव्हते.

"हो," ती म्हणाली. "आले."

"मग झालं," गोदूबाई म्हणाल्या.

त्या उताराकडे वळल्या, पण दालनात संदेशच्या काचेपाशी थांबल्या. काचेवर टिचकी मारून म्हणाल्या, "ही तेवढी काढून दे मला."

"ट्रंक?"

"तो इथे नाय, तर त्याचं सामान कशाला इथे? लोकांनी बघायला? मी दिली ती, इथे तो असेल म्हणून."

सलिलने कॅप्टन सुर्वेंना फोन लावला. स्पीकरवर सुर्वेंचा आवाज आधी मोठा झाला, मग खाली आला. "कोण, गोदूबाई? द्या. सही-बिही काही घेत बसू नका. द्या." मग त्यांनी विचारलं, "आणि खोलीचं काय म्हणाल्या?"

"रिकामी राहू दे म्हणाल्या," सलिल म्हणाला.

"असं? बरं. मी शब्द दिलाय. उघडत नाही तोंड."

काच काढायला वेळ लागला. ट्रंक जड नव्हती. आतले कपडे बाबांनी तेव्हाच मानपाड्याला ठेवायला सांगितले होते. तरी क्षिप्रा आणि सलिल उतार चढताना दोनदा थांबले. गोदूबाई मागून अनवाणी येत होत्या आणि दर थोड्या वेळाने म्हणत होत्या, "आपटू नका हां." कातळाजवळून जाताना ट्रंकेचा कोपरा सुरुंगाच्या चरात घासला. क्षिप्राने हात मध्ये घातला आणि तिची बोटं सोलवटली.

"जिंकलीस," सलिल दम घेत, कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला. त्यात टोमणा होता की नाही ते तिला कळलं नाही. तिने विचारलंही नाही.

वर धूळ होती. मेट्रोच्या कामासाठी लावलेल्या पत्र्यांमागून रिक्षा कशीबशी कडेला आली. ट्रंक मागच्या सीटवर आडवी बसेना, म्हणून उभी ठेवली. गोदूबाई तिच्याशेजारी बसल्या आणि एक हात तिच्यावरून टाकला. समीक्षाला जागाच उरली नाही.

"तू पुढे हो, मी बसने येते," ती म्हणाली. मग क्षिप्राला, नजर न मिळवता, "उद्घाटनाचं मेसेज करा मॅडम. मी येईन. आई बहुतेक नाही येणार."

क्षिप्राने रिक्षात डोकावून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. गोदूबाईंनीच तिच्या बोटांकडे बोट दाखवलं. "हळद लाव त्याला घरी गेल्यावर. आणि आईकडे बघ. पहिलं वर्ष वाईट असतं."

रिक्षावाल्याने आरशातून ट्रंकेकडे पाहिलं. "गावाला निघालात काय, मावशी? कल्याण स्टेशनला सोडू?"

"नाय रे बाबा," गोदूबाई म्हणाल्या. "मानपाड्याला. घरी नेतेय."